रोज भाकरी-आमटीच खातोय, तरी काटा का हलत नाही? या चुका टाळा

रोज तेच साधं जेवण ठेवलं की ‘आज काय करायचं’ हा प्रश्न मिटतो आणि हातही आपोआप आवरतो. लग्नात पोट भरल्यावरही जिलबीला जागा होते, घरच्या आमटीची तिसरी वाटी मात्र नकोशी वाटते, तसंच. मी दीड वर्ष दुपारी ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, एक भाजी आणि ताक एवढंच जेवतोय. पहिल्या तीन महिन्यांत पाच किलो उतरले, मग काटा जागचा हलेना. पदार्थ तर तेच होते. शोधल्यावर कळलं, मापं सुटली होती.

फोडणी डोळ्यांच्या अंदाजाने घालणं

सगळ्यात मोठी गळती इथेच. खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण घेऊन मी आमच्या बरणीतली पळी मोजली, तर तिच्यात २० मिली तेल मावत होतं. मी तिला ‘एक चमचा’ म्हणत आलो होतो! १५ मिली तेलात साधारण १२० कॅलरी असतात. ४० ग्रॅम पिठाच्या भाकरीत १३५-१४०. म्हणजे इमानेइतबारे अर्धी भाकरी कमी करायची आणि फोडणीत अख्खी परत घ्यायची. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरींच्या ताटात दिवसभराचं तेल-तूप २७ ग्रॅम धरलंय. चौघांच्या घराला महिन्याला साडेतीन लिटर झालं. आपल्या वाणसामानाच्या यादीत किती लिटर असतं ते एकदा बघाच.

शेंगदाण्याच्या कुटाचीही तीच गत. ३० ग्रॅम दाण्यांत सुमारे १७० कॅलरी, आणि भाजीत ‘जरासं’ पडतं ते बऱ्याचदा एवढं असतं. भाकरी थापणारा हात बदलला की जाडीही बदलते, तेव्हा पंधरवड्यातून एकदा पीठ वजन करून घ्यावं.

साधं म्हणजे पातळ समजणं

२० ग्रॅम डाळीच्या वाटीभर वरणातून जेमतेम पाच ग्रॅम प्रथिनं मिळतात. निरोगी प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतात, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम. ताट एवढं हलकं केलं की चार वाजता फरसाणाचा डबा उघडतोच. दोष जिभेला देतो आपण. आमटी घट्ट करा, जोडीला मटकीची उसळ, दही किंवा अंडी घ्या.

‘तेच’ म्हणजे अक्षरशः तेच

दख्खनच्या पठारावर जवळजवळ ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा (नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार) दिसायचा. उन्हाला उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलवटायची. डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या जास्तीच्या ल्यूसिनशी, म्हणजे प्रथिनांतल्या एका घटकाशी, जोडला. डाळ, भाजी, ताक ताटात असणाऱ्याने यावरून भाकरी सोडायचं काही कारण नाही. पण एकाच धान्यावर आणि एकाच भाजीवर वर्ष काढू नये, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे. साचा कायम ठेवून आतला माल फिरवा: थंडीत बाजरी, एरवी ज्वारी, आज मेथी, उद्या दोडका, परवा गवार. शाकाहारी असून दूध-दहीही बंद केलं असेल, तर बी-१२ तपासून घ्या.

दुधीच्या रसावर दिवस काढणाऱ्यांना एकच सांगतो: रस कडू लागला तर ओतून द्या. ‘कडू म्हणजे गुणकारी’ म्हणून गिळू नका. कडू दुधीने विषबाधा होते.

उपवासाबद्दल काय बोलायचं! सहा दिवसांची शिस्त चतुर्थीच्या साबुदाण्यात विरघळते. साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट, वर तूप आणि कूट.

रोज काट्यावर चढणं

पाणी आणि मिठामुळे वजन दिवसागणिक किलोभर इकडेतिकडे होतंच. बायकांचं पाळीच्या आसपास जास्त. आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर बघा. शिवाय वजन उतरलं की शरीराची गरजही थोडी उतरते, त्यामुळे सुरुवातीचा वेग टिकत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम खाली जाऊ शकते.

चार आठवडे काटा जागचा हलला नाही, तर आधी तेल मोजा, मग कूट, मग पिठाचा गोळा. भाकरी कमी करायचा विचार त्यानंतर.