पावसाआधी पाणीपातळीची फाइल: तारखेनुसार ओळी काढण्याची तयारी

सांगलीत कृष्णाकाठच्या गल्ल्यांमध्ये मे महिना उतरणीला लागला की कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत जातात, धान्याचे डबे माळ्यावर चढतात, मोटार वर घ्यायला दोर शोधला जातो. त्याच यादीत एक काम आणखी घाला. गेल्या पुरांत गल्लीतल्या पोरांनी मोबाइलवर पाणीपातळीच्या ज्या नोंदी केल्या, त्यांची टेक्स्ट फाइल शोधा आणि तिच्यातून हव्या त्या तारखांच्या ओळी काढणारी शेल स्क्रिप्ट, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या कमांडांची फाइल, पाऊस लागायच्या आत चालती करा. मृगाच्या आधी झालं पाहिजे. एकदा पाणी चढायला लागलं की वीज जाते, नेट जातं, डोकंही थाऱ्यावर राहत नाही.

हे काम कशासाठी, तेही सांगतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ आहे. २००५ चा पूर बघितलेले म्हणत होते की याच्या वर पाणी यायचं नाही. २०१९ च्या ऑगस्टात ते ५७ फुटांच्या वर गेलं, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा घरांत शिरलं. अशा वेळी दारात उभ्या असलेल्या आजी विचारतात, "चाळीसाचं पंचेचाळीस व्हायला गेल्या खेपेला किती येळ लागला रं बाळा?" त्यावर "बघतो आजी" म्हणून दोन मिनिटांत नेमकं उत्तर देता आलं पाहिजे, कारण त्या उत्तरावर त्या सामान हलवायला आता लागायचं की सकाळी, हे ठरवणार असतात. उत्तर फाइलमध्ये असतं, पण हजारो ओळींत विखुरलेलं.

सगळ्यात आधी मूळ फाइलची प्रत काढा आणि मूळ फाइलवरची लिहिण्याची परवानगी सीएचमॉड कमांडने काढून टाका. यापुढचं सगळं काम प्रतीवर. ही नोंद पुन्हा कुणी करून देणार नाही.

मग फाइल डोळ्यांनी बघा. हेड आणि टेलने पहिल्या-शेवटच्या ओळी तर बघाच, पण मधल्याही पन्नासेक वाचा, कारण नोंदणारा माणूस मध्येच बदललेला असतो आणि त्याच्याबरोबर लिहिण्याची पद्धतही. कॅट कमांडला कॅपिटल ए हा पर्याय दिला की न दिसणारी अक्षरंही दिसतात. विंडोजवर जतन झालेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा खूण असते. तारीख ओळीच्या शेवटी असेल तर ती त्या खुणेमुळे कशाशीच जुळत नाही. फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटची एक अदृश्य खूण असू शकते, तिच्यामुळे फक्त पहिलीच ओळ गाळणीतून निसटते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन्ही सेडने (ओळींतला मजकूर बदलणारी कमांड) काढून टाका.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधून निर्यात केलेली फाइल असेल तर आणखी सावध राहा. तिथे तारखेचा क्रम फोनच्या सेटिंगप्रमाणे ठरतो. एकाच्या फोनमधून ५ ऑगस्ट ही ५/८/१९ अशी निघते, तर अमेरिकी इंग्रजी ठेवलेल्या दुसऱ्याच्या फोनमधून ८/५/१९ अशी. दोन फायली एकत्र जोडण्याआधी प्रत्येकीत बाराच्या वरचा आकडा कुठल्या जागी येतो ते बघा. तो दिवस असतो. जोडून टाकल्यावर हे कळायला मार्ग उरत नाही. आणि ज्याच्या फाइलमध्ये एएम-पीएम आहे, त्याच्या मध्यरात्री १२ चं शून्य करायला विसरू नका.

आता मुख्य काम, ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगेन: प्रत्येक ओळीची तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने आणायची. वर्ष चार अंकी, महिना आणि दिवस दोन अंकी, एकेरी आकड्याआधी शून्य. म्हणजे ५-८-१९ ची २०१९-०८-०५ होते. एकदा हे रूप आलं की तारखेचं गणित करावंच लागत नाही. अक्षरांच्या क्रमाने जी लहान ती आधीची, जी मोठी ती नंतरची. साधा सॉर्टही ओळी काळाच्या क्रमाने लावतो. दिवस आधी लिहिलेला असेल तर हे जमत नाही, कारण मग ३० जुलै ही ५ ऑगस्टच्या नंतर जाऊन बसते. शून्य नसेल तर ९ तारीख १० च्या पुढे पळते. हे रूपांतर ऑकमध्ये, म्हणजे ओळीचे तुकडे करून तपासणाऱ्या कमांडमध्ये, करा: तिरक्या रेघेवर, आडव्या रेघेवर किंवा टिंबावर तारीख तोडायची आणि प्रिंटएफने चार-दोन-दोन अंकांच्या साच्यात पुन्हा जोडायची. ऑकला ०८ म्हणजे आठच कळतात.

बॅशला, म्हणजे ज्या शेलमध्ये स्क्रिप्ट चालते त्याला, कळत नाहीत. बॅशच्या आकडेमोडीत आधी शून्य असलेला आकडा अष्टमान पद्धतीचा धरला जातो, आणि त्या पद्धतीत ८ आणि ९ हे अंकच नाहीत. म्हणून जुलैपर्यंतचे महिने विनातक्रार चालतात आणि ऑगस्ट उजाडला की स्क्रिप्ट त्रुटी देते. तसंच कुठल्याही महिन्याच्या ८ आणि ९ तारखेलाही. आपला २०१९ चा महापूर ऑगस्टातलाच. बॅशमध्येच हिशेब करायचा असेल तर आकड्याआधी दहा आणि हॅशची खूण लावून तो दशमान आहे हे त्याला सांगावं लागतं. मी म्हणतो, तारखेचं काम ऑकवरच सोपवा.

डेट कमांडने रूपांतर करू नये का? ज्यांच्या तारखा भारतीय पद्धतीच्या आहेत त्यांनी तरी थेट करू नये. लिनक्सची डेट कमांड तिरक्या रेघांची तारीख अमेरिकी पद्धतीने, महिना आधी धरून वाचते. ०५/०८/२०१९ दिलं की ती मुकाट्याने ८ मे समजते. १३/०८/२०१९ दिलं की चुकीची तारीख म्हणून नाकारते. नाकारलेली निदान दिसते. ज्या बारा दिवसांवर ती तक्रार करत नाही, ते दिवस घात करतात.

मराठी कीबोर्डवर टंकलेल्या नोंदींचं काय, हा आपल्याकडचा खास प्रश्न. अर्धी गल्ली मराठीत टाइप करते आणि तसंच करावं. पण शून्य ते नऊ असा इंग्रजी अंकांचा पट्टा ग्रेपला (जुळणाऱ्या ओळी शोधणारी कमांड) दिला तर त्यात देवनागरी अंक येतीलच असं नाही, आणि ऑक तर त्यांना आकडा मानतच नाही. इथे मी तारखा मराठी अंकांत लिहितो आहे. फाइलमध्ये मात्र गाळणीच्या आधी सगळे अंक इंग्रजी करून घ्या. त्यासाठी टीआर कमांड वापरू नका. लिनक्सवरची टीआर एकेका बाइटवर काम करते, आणि आपला एक अंक तीन बाइटचा असतो, त्यामुळे ती अक्षरांची पार मोडतोड करते. सेडमधली वाय ही आज्ञा घ्या: पहिल्या जागी दहा देवनागरी अंक, दुसऱ्या जागी त्याच क्रमाने दहा इंग्रजी अंक. संगणकाची भाषा-सेटिंग यूटीएफ-८ असली पाहिजे. नसेल तर दोन्ही बाजूंची लांबी जुळत नाही म्हणून सेड तक्रार करेल. ती तक्रार दिसली तर आधी लोकेल, म्हणजे हीच भाषा-सेटिंग, बघा.

काही नोंदी दोन-तीन ओळींच्या असतात. पहिल्या ओळीत तारीख आणि पातळी, खाली "कर्नाळ रोड बंद", त्याखाली "बोट दत्तनगरकडे गेली". नुसत्या ग्रेपने तारीख शोधली तर खालच्या ओळी सुटतात, आणि पुराच्या वेळी त्याच ओळी मोलाच्या असतात. म्हणून ऑकमध्ये अशी सोय करा: ओळ तारखेने सुरू झाली तर ती तारीख लक्षात ठेवायची, न झाली तर आधीच्याच तारखेखाली धरायची, आणि छापायचं की नाही हे लक्षात ठेवलेल्या तारखेवरून ठरवायचं. सॉर्ट करणार असाल तर त्याआधी अशा ओळी मधे एखादी खूण घालून एकीत जोडून घ्या, नाहीतर त्या भलत्याच जागी जाऊन पडतील.

आता गाळणी. सुरुवातीची आणि शेवटची तारीख स्क्रिप्टला बाहेरून द्या, ऑकमध्ये व्हेरिएबल म्हणून पोचवा, आणि आत एवढंच विचारा की ओळीची तारीख सुरुवातीइतकी किंवा तिच्या पुढची आहे का, आणि शेवटाच्या आधीची आहे का. शेवट म्हणून नेहमी दुसऱ्या दिवसाची तारीख द्या. १० ऑगस्टपर्यंतचं हवं असेल तर ११ द्या आणि "त्याच्या आधी" म्हणा. कारण तारखेला वेळ चिकटलेली असते. अक्षरांच्या क्रमात "१० ऑगस्ट दुपारी दोन" ही नोंद नुसत्या "१० ऑगस्ट"च्या पुढची ठरते, आणि तो अख्खा दिवस गाळणीत अडकून राहतो.

पूर्ण महिना किंवा एकच दिवस हवा असेल तर ग्रेप पुरतो, ओळीच्या सुरुवातीला तो जुळवा म्हणजे झालं. सेडची "या तारखेपासून त्या तारखेपर्यंत" ही पद्धत मात्र या कामाला मी घेणार नाही. सुरुवातीच्या तारखेची एकही नोंद नसेल तर ती काहीच देत नाही. शेवटच्या तारखेची नसेल तर फाइल संपेपर्यंत ओळी ओतत राहते. आणि असेल तर त्या दिवसाच्या पहिल्याच नोंदीवर थांबते. नोंदणारा माणूस स्वतःच बोटीत बसून बाहेर पडलेला असतो, त्या दिवसाची नोंद नसतेच. अशा फाइलवर ही पद्धत चालणार नाही.

एक गोष्ट कुठलीही कमांड सुधारून देणार नाही. "५ तारीख, रात्री १ वाजता" असं माणूस लिहितो तेव्हा त्याच्या मनात पाचची रात्र असते, कॅलेंडरवर मात्र सहा तारीख लागलेली असते. पातळी एकदम वर जाऊन पुन्हा खाली आलेली, किंवा खाली उतरून पुन्हा वर गेलेली दिसली तर अशी नोंद शोधा आणि लिहिणाऱ्याला विचारून घ्या. यंदा नोंदी करणाऱ्यांना आत्ताच सांगून ठेवा: चोवीस तासांचं घड्याळ, आणि बारा वाजले की तारीख बदलायची.

पातळीचा रकानाही बघून घ्या. कुणी ४० फूट ११ इंच हे ४०.११ असं लिहितो, आणि संगणक त्याला ४०.९ पेक्षा कमी धरतो. सगळं इंचांत करा. इशारा ४८० वर, धोका ५४० वर.

आजच्या आणि कालच्या नोंदी हव्या असतील तेव्हा डेट कमांड कामाला येते, पण स्क्रिप्ट भाड्याच्या सर्व्हरवर ठेवली असेल तर वेळेचा पट्टा एशिया/कोलकाता असा, मधे तिरकी रेघ देऊन, स्क्रिप्टमध्येच लिहा. असे सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर असतात, आणि त्यांचा "आज" आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. पाणी रात्रीत चढतं. "गेला महिना" हा शब्दप्रयोग टाळा: ३१ जुलैला तो दिला तर डेट ३१ जून शोधायला जाते आणि १ जुलैवर येऊन थांबते. महिन्याच्या १ तारखेवरून मागे मोजा. मॅकवर डेटचे पर्याय वेगळे आहेत, तिथे स्क्रिप्ट जशीच्या तशी चालणार नाही.

जिच्या सुरुवातीला तारखेसारखं काही आहे पण ते ओळखू आलं नाही, किंवा जिच्या वर एकही तारीख नाही, ती ओळ टाकून देऊ नका, वेगळ्या फाइलमध्ये साठवा. मग डब्ल्यूसीने मोजा: आत आलेल्या, बाहेर राहिलेल्या आणि न ओळखलेल्या ओळी मिळून मूळ फाइलइतक्याच (ओळी जोडल्या असतील तर जोडलेल्या फाइलइतक्याच) भरल्या पाहिजेत. एकीचाही फरक पडला तर तिथेच थांबा.

चाचणीसाठी छोटी फाइल हाताने बनवा. तिच्यात ३१ जुलैची शेवटची मिनिटं, १ ऑगस्टचे शून्य वाजून शून्य, ८ आणि ९ तारखा, २९ फेब्रुवारी २०२४, ३१ डिसेंबर, एक मराठी अंकांची ओळ, एक तारखेविना ओळ असू द्या. काय बाहेर यायला हवं ते आधी कागदावर लिहा, मग स्क्रिप्ट चालवा आणि डिफने ताडून बघा.

कोयनेच्या विसर्गाच्या नोंदीही कुणी ठेवल्या असतील तर त्या याच तारीख-रूपात आणा. धरणातून किती क्युसेक सोडले आणि त्यानंतर इथली पातळी कधी हलली, हे दोन फायली तारखेवर जोडल्या की शेजारी शेजारी दिसतं. वारणेचं पाणी हरिपुराजवळ मिळतं, तेही धरून बघावं लागेल, पण सुरुवात इथून होते.

शेवटी हे सगळं निदान दोन फोनांत टर्मक्सवर (अँड्रॉइड फोनवर अशा कमांडा चालवणारं अ‍ॅप) बसवा, नेट बंद करून चालवून बघा, आणि ४० ते ४५ फुटांमधल्या काळाच्या ओळी, प्रत्येक पुराच्या वेगळ्या, छापून घ्या. फोन ज्यांच्याकडे राहणार त्यातला एक जण वरच्या मजल्यावर राहणारा असावा. कमांड कशी द्यायची, आधी सुरुवातीची तारीख की शेवटची, हे त्या कागदाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहा.