डिसेंबर-जानेवारीचे सण वर्गात साजरे करायचेत? मग तयारी अशी करा

दिवाळीची सुट्टी संपून पोरं परत आली की पुढचे दोन महिने कसे उडतात कळतच नाही. गाडगेबाबांची पुण्यतिथी, नाताळ, सावित्रीमाईंची जयंती, भोगी, संक्रांत, आणि लगेच २६ जानेवारीची कवायत. बऱ्याचदा होतं काय की हार घातला, दोन पोरांनी पाठ केलेली भाषणं म्हणली, खाऊ वाटला, फोटो ग्रुपवर गेला, झालं. पोरांच्या हाती काय लागलं? म्हणून मी दरवर्षी नोव्हेंबरअखेरच यादी करायला घेते. माझी शाळा ऊसपट्ट्यातली, पहिली ते चौथी, पटावर ३४ मुलं, आणि साखर कारखाने सुरू होऊन ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आल्या की अजून सात-आठ वाढतात. तुमच्याकडे वेगळं असेल, त्याप्रमाणे बदल करा, पण सजावटीचं सामान यादीत सगळ्यात शेवटी ठेवा एवढं मनापासून सांगते.

पहिलं काम म्हणजे विचारून घेणं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परिपाठ झाला की गोल बसायचं आणि विचारायचं, थंडीच्या दिवसात तुमच्या घरी वेगळं काय असतं? "कोणता सण असतो" असं विचारू नका, तसं विचारलं की पोरं पुस्तकातलं उत्तर देतात. वेगळं काय असतं विचारलं की कुणी शेकोटी सांगतं, कुणी हुरडा, कुणी सांगतं आमची आजी मार्गशीर्षातल्या गुरुवारचा घट मांडते, कुणी म्हणतं मामाच्या गावाला यात्रा असते. सगळं लिहून घ्या, अगदी पोराच्या शब्दात, आपण दुरुस्त करून नाही.

एका वर्षी तिसरीतला एक पोरगा, टोळीबरोबर आलेला, दीड महिना वर्गात बसून एक शब्द बोललेला नव्हता. त्याची पाळी आली तेव्हा खाली बघतच म्हणाला, "येळवस." बाकीच्या पोरांनी हे नावच ऐकलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही वरवरच माहीत होतं. मग तो सांगायला लागला, आणि त्या दिवशी गणिताचा तास झालाच नाही. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली अमावस्या, लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, करतात, पाच पांडवांची पूजा मांडतात, मग भज्जी, बाजरीचे उंडे, माठातली आंबील, आणि येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना हाका मारून जेवायला बसवतात. आमच्या पोरांनी विचारलं कोप म्हणजे काय रे, तर तो म्हणाला दाखवतो. दुसऱ्या दिवशी दोन पेंढ्या कडबा मिळवला आणि त्यानं मैदानाच्या कोपऱ्यात, चार पोरं हाताशी घेऊन, गुडघाभर उंचीची कोप उभी केली, तोंड कुठल्या बाजूला पाहिजे ते पण तोच सांगत होता. ती कोप आम्ही संक्रांतीपर्यंत ठेवली. पोरगा नंतर बोलायचा थांबला नाही.

म्हणून टोळीतल्या मुलांसाठी यादीत वेगळी ओळ ठेवा. ती आली त्याच दिवशी शिक्षण हमी कार्ड (गाव सोडून जाणाऱ्या मुलाचं शिक्षण दुसऱ्या शाळेत चालू राहावं म्हणून आधीची शाळा देते ते) आहे का बघा, नसेल तर गावाकडच्या शाळेला फोन करा. सकाळी उशिरा आली तर रागवू नका, आईबाप पहाटेच उसाच्या फडात तोडणीला गेलेले असतात आणि पाणी, लहान भावंडं सगळं यांच्यावर असतं. भावंडाला कडेवर घेऊन आली तर येऊ द्या, कोपऱ्यात एक सतरंजी जास्तीची टाका.

दुसरं म्हणजे एक सरळ काठी, बरोबर एक मीटर जमिनीच्या वर राहील अशी रोवायची. हे २० डिसेंबरच्या आत झालं पाहिजे. २१-२२ डिसेंबरला आपल्याकडे दिवस सगळ्यात लहान असतो, तेव्हा दुपारची सावली मोजायची. इथं एक चूक सगळे करतात, बाराच्या ठोक्याला मोजतात. घड्याळ देशाचं आहे, सूर्य आपला. पश्चिम महाराष्ट्रात तेव्हा सूर्य माथ्यावर (म्हणजे त्या दिवसाच्या सगळ्यात वर) येतो साडेबाराच्या आसपास, आणि संक्रांतीला तर जवळजवळ पाऊण वाजता. म्हणून सव्वाबारा ते एक दर पाच मिनिटांनी खडूनं खूण करायची आणि सगळ्यात आखूड सावली धरायची. डिसेंबरात ती साधारण ८७-८८ सेंटीमीटर भरते, १४ जानेवारीला पाच-सहा सेंटीमीटर कमी. "दिवस तिळातिळानं वाढतो" हे आजी म्हणते ना, ते पोरांना टेपवर दिसतं. दुसरीतली पोरगी ओरडली होती, "बाई, सावली खरंच आटली!" तो शब्द मला अजून आवडतो.

चौथीच्या मुलांना एवढं पण सांगता येतं की सूर्य उत्तरेकडं वळतो तो डिसेंबरातच, संक्रांत आपण जानेवारीत करतो कारण पंचांगातली मकर रास ताऱ्यांवरून मोजलेली आहे आणि पृथ्वीचा आस हळूहळू फिरत असल्यामुळे साधारण ७०-७२ वर्षांत एक दिवसाचा फरक पडत जातो. आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून दाखवा की नाताळ आणि संक्रांत दरवर्षी त्याच सुमाराला, पण येळवस चंद्रावर चालते म्हणून पुढंमागं होते. मागच्या तीन वर्षांची जुनी कॅलेंडरं घरून मागवून ठेवा, टाकू देऊ नका.

२० डिसेंबरला गाडगेबाबांसाठी फक्त खराटे लागतात. बाबा १९५६ साली गेले. गावात आले की आधी झाडायचे आणि रात्री कीर्तन, तर आपणही आधी झाडायचं, बोलायचं नंतर, आणि शिक्षकानं पण हातात खराटा घ्यायचा. भाषण ठेवूच नका.

नाताळला कापसाची दाढी आणि लाल टोपी विकत आणण्यापेक्षा दिवाळीतले चांदणीचे आकाशकंदील पोरांकडून परत मागवा, फाटलेले घोटीव कागदानं डागडुजी करा, तीच चांदणी नाताळची. गावात किंवा शेजारच्या गावात ख्रिस्ती कुटुंब असेल तर त्या ताईंना वर्गात बोलवा, त्या सांगतील ते आपल्या सांगण्यापेक्षा शंभरपट खरं. गोव्यात नाताळला कुसवार म्हणजे फराळाची ताटं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जातात आणि त्यात नेवऱ्या असतात, आपल्या करंजीची सख्खी बहीणच. हे सांगितल्यावर पोरं म्हणतात मग ते आपलंच आहे की.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची वेशभूषा करा, पोरींना आवडते, कुणाची हौस मोडू नका, पण तयारी त्याआधी आठ दिवस सुरू करा. प्रत्येकानं घरातल्या आजीला विचारायचं, तू कितवीपर्यंत शिकलीस, का थांबलीस. सावित्रीबाई १८३१ साली नायगावला जन्मल्या, १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, या तारखा फळ्यावर लिहा आणि त्याच्याखाली वर्गातल्या आज्यांची वर्षं. ज्या आजी शाळेत गेल्याच नाहीत त्यांचा रकाना रिकामा ठेवू नका, तिथं त्यांना येणारं काम लिहा, गोधडी, बियाणं राखणं, बाळंतीण सांभाळणं. एक आजी सत्तरीच्या, नातीबरोबर शाळेत आल्या आणि नातीनं हात धरून त्यांच्याकडून फळ्यावर नाव लिहून घेतलं. शेवटचं अक्षर लिहायला वेळ लागला, सगळा वर्ग श्वास धरून बसलेला. ते नाव मी चार दिवस पुसलं नाही, बाकीचा फळा वापरला.

भोगीसाठी एक मूठ. वर्गणी अजिबात काढू नका, प्रत्येकानं घरात किंवा शेतात असेल त्यातलं मूठभर आणायचं, सोलाणे, पावटा, गाजर, वांगं, बोरं, शेंगदाणे, उसाचं टिपरू. ज्याला आणता येत नाही त्यानं सोलायचं, निवडायचं, आणि हे काम आणण्याइतकंच मोठं आहे हे आधीच सगळ्यांसमोर बोलून ठेवा. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना दोन दिवस आधी सांगा, ऐनवेळी गेलं की त्यांची ओढाताण होते. तीळ लावलेली बाजरीची भाकरी गावातल्या आया करून देतात. "न खाई भोगी तो सदा रोगी" म्हणत म्हणत एरवी वांगं बाजूला काढणारी पोरं पण खातात.

तिळगूळ वर्गातच करायचा तर पाकाच्या नादाला लागू नका, भाजतं. तीळ घरून भाजून आणा, पोरांनी खलबत्त्यात कुटायचे, किसलेला मऊ गूळ आणि शेंगदाण्याचं कूट घालून मुठीत वळायचे. अर्धा किलो तीळ, अर्धा किलो गूळ, पाव किलो कूट यात आवळ्याएवढे ऐंशीच्या आसपास होतात. कुणाला तीळ किंवा शेंगदाणा चालत नसेल तर ते पालकांना आधी विचारा, काही मुलांना खरंच त्रास होतो. पतंग उडवायचा असेल तर साधा दोरा, नायलॉन मांजावर २०१७ पासून बंदी आहे आणि पक्ष्यांचे पाय कसे कापतात ते पोरांना सांगा.

आणि हळदीकुंकू. कितीतरी शाळांमध्ये महिला पालकांसाठी ठेवतात आणि मग वर्गातल्या एखाद्या पोराची आई येतच नाही, कारण तिचा नवरा नाही. पोरगा दाराकडं बघत बसतो. मी ते नावच काढून टाकलं, आई-आजी मेळावा म्हणते, सगळ्यांना तिळगूळ, सगळ्यांना वाण. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ साली ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केली, आपण निदान वर्गापुरतं तरी करू शकतो. ज्या आया येणार नाहीत असं वाटतं त्यांच्या घरी आधी स्वतः जा, चिठ्ठी पाठवून चालत नाही. वाण म्हणून मेथी-पालकाच्या बियांच्या पुड्या द्या, जुन्या वहीच्या कागदाच्या, पोरंच बांधतात.

शेवटी, वळलेल्या लाडवांतले पंधरा-वीस वेगळे काढून झाकणाच्या डब्यात ठेवा. संक्रांतीला फड बंद नसतो, टोळीतले आईबाप मेळाव्याला येऊ शकत नाहीत. संध्याकाळी चारेक पोरं घेऊन ते राहतात त्या कोप्यांवर जा, अंधार पडायच्या आत. डबा तिथंच राहिला तरी काळजी करू नका. आमचा दुसऱ्या दिवशी त्या येळवसवाल्या पोराच्या हातात परत आला, रिकामा नाही, आत भाजलेल्या शेंगा होत्या आणि वर त्याच्या आईनं धुतलेलं फडकं बांधलेलं.