रीबूटनंतरही टिकणारा स्थिर आयपी: नव्या लिनक्स ॲडमिनसाठी

लिनक्स ॲडमिनच्या कामात नव्याने आलेल्यांना मी सुरुवातीला एक काम देतो. रिकाम्या व्हर्च्युअल मशीनला स्थिर आयपी (न बदलणारा नेटवर्क पत्ता) द्यायचा, आणि मशीन रीबूट झाल्यावर तो तसाच दिसला पाहिजे. बहुतेक जण ‘आयपी ॲड्र ॲड’ ही कमांड चालवतात, पिंग लागतो आणि काम झालं असं सांगतात. रीबूट केलं की पत्ता गायब! ती कमांड फक्त चालू कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) पत्ता सांगते, डिस्कवर काहीच लिहीत नाही. पुढच्या बूटला कर्नलची पाटी कोरी असते आणि पत्ता लावायचं काम एखादी सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, करते.

ती सर्व्हिस कोणती, हे आधी शोधा. जुन्या लेखातली फाइल उघडून ओळी चिकटवायची घाई करू नका. डेबियन सर्व्हरवर सहसा इफअपडाउन असतं आणि ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ ही त्याची फाइल. तिथे ‘आयफेस’च्या ओळीत ‘स्टॅटिक’ लिहून खाली पत्ता आणि गेटवे (बाहेर जायचा रस्ता, सहसा राउटरचा पत्ता) देतात. पण त्याआधी ‘ऑटो’ची किंवा ‘अलाउ-हॉटप्लग’ची ओळ हवीच, कारण बूटच्या वेळी इंटरफेस (नेटवर्क कार्ड) वर आणायला तीच सांगते. उबुंटूने १७.१० पासून नेटप्लॅन आणलं. त्याच्या यामल (मांडणी लिहायचा मजकुराचा साचा) फाइलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच लागतात. रेड हॅटकडे नेटवर्कमॅनेजर आहे, त्याला ‘एनएमसीएलआय’ने सांगायचं. तिथल्या जुन्या ‘आयएफसीएफजी’ फाइली आवृत्ती १० मध्ये चालतच नाहीत. रास्पबेरी पाय ओएससुद्धा २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून नेटवर्कमॅनेजरवर गेलं, त्यामुळे ‘डीएचसीपीसीडी’ या आधीच्या सर्व्हिसच्या फाइलमध्ये बदल करायला सांगणारे जुने लेख आता उपयोगाचे नाहीत. ‘सिस्टमसीटीएल’ने कोणती नेटवर्क सर्व्हिस चालू आहे ते पाहिलं की मिनिटभरात उत्तर मिळतं. दोन सर्व्हिस एकाच कार्डवर हक्क सांगू लागल्या, तर पत्ता कधी एक दिसतो, कधी दुसरा.

इंटरफेसचं नाव ‘ईटीएच०’ असेल असं गृहीत धरू नका. पूर्वी कार्डांना कर्नलला ती ज्या क्रमाने सापडत त्या क्रमाने नावं मिळत आणि दोन कार्डांच्या मशीनवर रीबूटनंतर त्यांची अदलाबदल होऊ शकत असे. म्हणून २०१३ मध्ये सिस्टमडीने (बूट आणि सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) कार्डाच्या जागेवरून नाव द्यायची पद्धत आणली. ‘ईएनपी३एस०’ म्हणजे पीसीआय बस ३, स्लॉट ०. ‘आयपी लिंक’ चालवून दिसेल तेच नाव फाइलमध्ये लिहा.

पत्ता निवडतानाही विचार लागतो. राउटर १९२.१६८.१.१०० ते २०० हे पत्ते डीएचसीपीने (आपोआप पत्ते द्यायची पद्धत) वाटत असेल, तर तुमचा पत्ता त्या पट्ट्याबाहेरचा घ्या. नाहीतर आज सगळं सुरळीत चालेल आणि काही दिवसांनी राउटर तोच पत्ता कुणाच्या तरी फोनला देईल. हा दोष शोधणं फार त्रासाचं असतं, कारण तो येतो-जातो. पत्त्यामागचं /२४ विसरू नका, नेटवर्क केवढं ते त्यावरून कळतं. डीएनएसही (साइटच्या नावावरून आयपी सांगणारा सर्व्हर) स्वतः द्यावं लागतं, कारण डीएचसीपी गेलं की ते आपोआप मिळत नाही. ८.८.८.८ ला पिंग लागतो पण नावाने साइट उघडत नाही, तर आधी तिथेच बघा.

दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करून) हे करत असाल तर चुकल्यावर तुमचाच संपर्क तुटेल, म्हणून मी कळकळीने सांगतो, ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही, तर ते जुनी मांडणी परत लावतं. जिथे ही सोय नाही, तिथे कन्सोल (नेटवर्कशिवाय मशीनपर्यंत पोचायचा स्क्रीन-कीबोर्ड) हाताशी असल्याशिवाय बदल करूच नका. क्लाउडवरच्या मशीनवर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. नेटप्लॅनच्या फोल्डरमध्ये ५० आकड्याने सुरू होणारी क्लाउड-इनिटची (बूटच्या वेळी क्लाउड मशीनची मांडणी करणारा प्रोग्राम) फाइल असेल, तर तुमचे तिच्यातले बदल क्लाउड-इनिट पुसून टाकू शकतं. आधी त्याच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये नेटवर्कचं काम बंद करा, मग आपली वेगळी फाइल ठेवा.

शेवटी रीबूट कराच. वर आल्यावर ‘आयपी ॲड्र’मध्ये पत्ता एकच आहे ना, ‘आयपी राउट’मध्ये डिफॉल्टची ओळ एकच आहे ना, हे पाहा. जुना डीएचसीपीचा पत्ता शेजारी दिसत असेल, तर जुनी मांडणी कुठेतरी अजून चालू आहे. ती शोधून काढेपर्यंत त्या मशीनवर डेटाबेस किंवा दुसरं काही चढवू नका.