नोकरी करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी संगणकीय समस्या-प्रसंग कसा रचावा
चाकणच्या कारखान्यातली पाळी संपवून पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला येणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी संगणकावर सोडवायचा सरावाचा प्रसंग रचताना सुरुवात कारखान्यात खरोखर पडणाऱ्या पेचापासून करावी. उदाहरणार्थ, सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रावर कातलेल्या शाफ्टचा व्यास दुपारनंतर मर्यादेबाहेर जाऊ लागतो. सगळी माहिती एकदम देऊ नये. विद्यार्थ्याने आधी आपला अंदाज कारणासह लिहावा आणि मगच त्याने मागितलेली मोजमापे, हत्याराच्या झिजेची नोंद किंवा यंत्राचे तापमान पडद्यावर यावे, कारण कोणती माहिती केव्हा मागावी हे ठरवणे हाच या सरावाचा गाभा आहे, असे मला ठामपणे वाटते. चुकीच्या निवडीवर नुसता शेरा न देता तिचा परिणाम, म्हणजे बाद झालेला माल, दाखवावा. प्रसंग अर्ध्या तासात संपावा आणि अपुरे काम जपले जावे. चर्चा मात्र वर्गातच, समोरासमोर घ्यावी.