काढ्याने शुगर गेली म्हणे? आधी हे विचारा

"महिनाभर प्या, मधुमेह मुळापासून जातो" असं ऐकलं की मन लगेच भुलतं, विशेषतः घरात कुणी वर्षानुवर्षं गोळ्या घेत असेल तर. पैसे देण्याआधी एवढं करा.

१. आकडा मागा. "शरीरशुद्धी", "साखर संतुलन" हे मोजता येत नाही. एचबीए१सी आधी किती होतं, नंतर किती झालं? ही रक्ततपासणी साधारण ३ महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी सांगते. एका सकाळी ग्लुकोमीटरवर कमी आकडा आला, तर तो आदल्या रात्री कमी जेवल्यानेही येतो.

२. "तेव्हा गोळ्या चालू होत्या का?" हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. बहुतेकदा गोळ्या चालूच असतात, शिवाय गोड सोडलेलं आणि चालणं वाढवलेलं. मग गुण काढ्याचाच कशावरून?

३. बाटली फिरवून घटक आणि त्यांचं प्रमाण वाचा. नुसतं "गुप्त वनौषधी" लिहिलं असेल तर घेऊच नका. यादी असेल तर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. ज्येष्ठमध रोज जास्त पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. कारलं किंवा मेथीचा अर्क मधुमेहाच्या गोळ्यांसोबत घेतला तर साखर फार खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोटभरही नको. आणि काढा सुरू केला म्हणून चालू गोळी स्वतःहून कधीच बंद करू नका.