फिशटँकमधील शेवाळ आटोक्यात कसे ठेवावे

ठाण्यातील किंवा नवी मुंबईतील फ्लॅटमध्ये फिशटँक बहुधा हॉलच्या खिडकीशेजारी मांडला जातो आणि शेवाळाचे दुखणे तिथूनच सुरू होते. शेवाळाला प्रकाश आणि पाण्यात विरघळलेले नायट्रेट व फॉस्फेट एवढे पुरते. काच कितीही घासली तरी ही दोन्ही तशीच राहिली, तर आठवडाभरात ती पुन्हा हिरवी होते. म्हणून टँकवर थेट ऊन पडणार नाही अशी जागा निवडावी. दिवा हाताने लावण्याऐवजी टायमरवर ठेवून तो दिवसाला सहा ते आठ तासच जळू द्यावा, कारण रात्री उशिरा घरी परतल्यावर मासे पाहण्यासाठी लावलेला दिवा विझवायचा राहतो, हे बहुतेकांना ठाऊक असेलच.

त्यानंतर खाद्य. दोन मिनिटांत संपेल तेवढेच द्यावे. तळाशी कुजणारा प्रत्येक दाणा शेवाळाचे खत होतो. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे आणि ते काढताना नळीने वाळूतला गाळही ओढून घ्यावा. नवे पाणी नळाचे असल्यास आधी त्यात अँटीक्लोरीन घालावे. फिल्टरचा स्पंज मात्र नळाखाली न धुता टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नाहीतर माशांचा अमोनिया पचवणारे उपयुक्त जिवाणू क्लोरीनने मरतात. हॉर्नवर्टसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती लावल्यास त्या शेवाळाच्या तोंडचा घास पळवतात. माझ्या मते कोणत्याही औषधापेक्षा हा उपाय सरस आहे.

दुकानदार हमखास ‘सकर’ मासा सुचवतात. तो लहानपणी काच चाटतो खरा, पण वाढून फूटभराहून मोठा होतो आणि त्याची विष्ठाच शेवाळाला पोसते. नकोसा झाला म्हणून त्याला ठाण्यातील तलावपाळीच्या तलावात सोडणे तर सर्वथा अयोग्य, कारण हा परदेशी मासा तलावात तग धरून स्थानिक माशांच्या जिवावर उठतो. त्यापेक्षा नेराइट गोगलगाय बरी. तिची पिल्ले गोड्या पाण्यात जगत नसल्याने संख्या वाढत नाही.

नव्या टँकमधील तपकिरी थराची चिंता करू नये. तो पुसत राहिल्यास काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. सगळे पाणीच मटारच्या सारासारखे हिरवे झाले असेल, तर दिवा बंद करून टँक जाड काळ्या कापडाने तीन-चार दिवस झाकावा. या काळात हवेचा पंप अखंड चालू ठेवावा, कारण मरणारे शेवाळ पाण्यातील प्राणवायू खाते. कापड काढल्यावर लगेच एक तृतीयांश पाणी बदलावे.