कोकमाचं तेल घरी काढताय? मग आधी त्यातलं पाणी घालवा

मे महिना आला की आमच्याकडे अंगणभर रातांबे, म्हणजे कोकमाची पिकलेली फळं, फोडली जातात. सालांची आमसुलं होतात, रस मिठात घालून आगळ होतं, साखर घातली की अमृत कोकम होतं. आणि बिया? निम्म्या घरांत त्या परड्यात भिरकावल्या जातात. खरं धन त्या बियांत असतं. कोकमतेल म्हणा, भिरंडेल म्हणा, मुठीत वळलेलं असेल तर मुठेल म्हणा, वस्तू एकच. पायांच्या भेगांवर याहून चांगलं काही मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही.

नाव तेल असलं तरी ते बाटलीतून ओतता येत नाही. खोबरेल २४-२५ अंशांना पातळ होतं, कोकमतेलाला त्यासाठी ३८ ते ४२ अंश लागतात. त्यात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असतं आणि उरलेलं बहुतेक ओलिक, म्हणून ते ऐन मे महिन्यातही खडूसारखं घट्ट राहतं. ‘शुद्ध कोकमतेल’ म्हणून कुणी पातळ तेलाची बाटली पुढे केली तर त्यात दुसरं तेल आहे हे समजून पुढे चालू लागा.

बिया

आगळ किंवा आमसुलं करणाऱ्या घरी सांगून ठेवलं की बिया मिळतात. मिठाच्या असल्या तर तीन पाण्यांत चोळून धुवा आणि कडक उन्हात पाच-सहा दिवस, बी कानाशी हलवल्यावर खुळखुळेपर्यंत वाळवा. पावसाची पहिली सर पडायच्या आत हे उरकायला हवं. मग उखळात हलक्या हाताने ठेचून टरफल सोडवायचं, सुपाने पाखडायचं आणि गर बारीक कुटायचा. मिक्सर चालतो, पण थांबत थांबत फिरवा, नाहीतर गराचा लगदा होऊन पात्याखाली घट्ट बसतो. गर आधी भाजला की तेल जास्त सुटतं, असं सांगणारे भेटतील. मी दोनदा भाजून पाहिला. तेल तेवढंच निघालं, वर रंग तांबूस आणि वास करपट.

२ किलो वाळलेल्या बियांतून माझ्या हाती २५० ते ३०० ग्रॅम तेल लागतं. बियांत वजनाच्या २३ ते २६ टक्के तेल असतं, पण घरच्या पातेल्यात ते सगळं सुटत नाही, उरलेलं चोथ्याबरोबर जातं. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

उकळणं

कुटलेल्या गराच्या चौपट पाणी, जाड बुडाचं पातेलं, तेही अर्ध्याच्या वर भरायचं नाही. मंद आचेवर दीड-दोन तास, मधूनमधून ढवळत. वर तेलाचे डोळे दिसू लागतात आणि मग एकमेकांत मिसळतात. उतरवा, झाका आणि सकाळपर्यंत हलवू नका. पूर्वी न उकळताही तेल काढत: कुटलेला गर पाण्यात घालून ताकासारखा घुसळायचा आणि लोण्यासारखा वर आलेला गोळा काढायचा. मी ते एकदाच केलं. खांदे दोन दिवस दुखत होते.

सकाळी पातेल्यात वर करड्या-पांढऱ्या रंगाची चकती धरलेली दिसेल. सुरीने कडा सोडवून ती अलगद उचला. खालच्या अंगाला चोथ्याचा चिखल असतो, तो खरवडून टाका.

कढवणं

इथे बहुतेकांना वाटतं की झालं. मलाही वाटलं होतं. पहिल्या वर्षी ती चकती मी परातीत मळली आणि मुठेलं वळायला घेतली. हाताला चिकटायला लागली तेव्हा आत्या म्हणाली, “हात वलो कर गो, नायतर हाताक चिकटतला.” ओल्या हाताने चौदा मुठेलं वळली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि फडताळात ठेवून दिली. श्रावणात एक काढलं. बाहेरून छान गुळगुळीत होतं, पण फोडलं तर मधोमध हिरवट रेघ आणि आंबूस वास. चौदाच्या चौदा तशीच निघाली. उन्हातले ते सहा दिवस, ते कुटणं, सगळं वाया गेलं.

आत्याचं चुकत होतं असं नाही. तिची मुठेलं चुलीवरच्या शिंक्यात असत, दिवसभर धूर आणि ऊब मिळून त्यांतलं पाणी निघून जाई. माझ्या गॅसच्या स्वयंपाकघरात, पावसाळ्यातल्या बंद फडताळात ते पाणी जाणार कुठे? नुसत्या तेलावर बुरशी धरत नाही. तेलात अडकलेल्या पाण्यावर आणि गराच्या कणांवर ती धरते. म्हणून आधी कण घालवायचे, मग पाणी.

कणांसाठी तेल धुवायचं. चकती स्वच्छ पातेल्यात घ्या, तेवढंच साधं पाणी घाला, पुरतं वितळू द्या आणि दहा मिनिटं मंद आचेवर ठेवून पुन्हा गोठू द्या. चकती उचलली की खालचं पाणी चहासारखं दिसेल. ते ओतून टाका आणि हेच आणखी एकदा करा. दुसऱ्यांदा पाणी बरंच निवळ दिसतं.

आता पाणी. छोटं, जाड, कोरडं पातेलं आणि गॅस अगदी बारीक. झाकण अजिबात ठेवायचं नाही, कारण झाकणावर जमलेली वाफ पुन्हा तेलातच ठिबकते. वितळलेलं तेल सुरुवातीला पातळ ताकासारखं गढूळ दिसतं. मग मोठे बुडबुडे येतात, फेस येतो आणि चुर्र असा आवाज सुरू होतो. तो आवाज म्हणजे पाणी. हळूहळू बुडबुडे बारीक होतात, फेस कडेला सरकतो, गढूळपणा जातो आणि पातेल्याचा तळ दिसू लागतो. ३०० ग्रॅम तेलाला माझ्या गॅसवर वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तुमच्या गॅसवर किती लागतील ते आवाज सांगेल, घड्याळ नाही.

लोणी कढवून तूप करणाऱ्यांना हे सोपं वाटेल आणि फसतील तेही तेच. तुपाला खमंग वास सुटतो, त्या वासावर आपण गॅस बंद करतो. कोकमतेलाला असा मधला वास नाही. जो येतो तो थेट करपल्याचा, आणि तोवर तळाची बेरी काळी होऊन तेलात तो वास कायमचा बसलेला असतो. म्हणून इथे नाक बाजूला ठेवा, कान द्या. चुरचुर थांबली आणि बेरी गव्हाळ आहे, की गॅस बंद.

खात्री वाटत नसेल तर कापसाची वात तेलात भिजवा, पातेल्यापासून लांब, दुसऱ्या खोलीतल्या निरांजनात ठेवून पेटवा. तडतडली तर पाणी आहे, पुन्हा पाच मिनिटं कढवा. शांत जळली तर काम झालं.

आणि ओला चमचा, ओली पळी, ओला हात या पातेल्याच्या आसपास नको. एके वर्षी मी धुतलेली पळी नुसती झटकून आत घातली. तेल उसळलं, त्याचा डाग मनगटावर अजून आहे. मुलं आणि मांजर स्वयंपाकघराबाहेर.

गरम असतानाच गाळायचं. फडकं मऊ, सुती आणि खडखडीत वाळलेलं हवं. मी पावसाळी हवेत इस्त्री फिरवून घेते. सरळ रुंद तोंडाच्या कोरड्या बरणीत ओता. मुठेलंच हवी असतील तर रवाळ तुपाइतकं घट्ट होऊ द्या आणि कोरड्या हाताने वळा. चिकटतं, चिकटू दे. चिकटलेलं तेल हातांनाच लागतं, वाया कुठे जातं? सावकाश निवताना कधी दाणे धरतात. ते बिघडल्याचं लक्षण नव्हे.

लावायचं कसं

गोळा टाचेवर नुसता घासून काही होत नाही. त्वचेच्या वरच्या थराचं तापमान या तेलाच्या वितळण्याच्या खाली असतं, तेव्हा गोळा फक्त वरवर घसरतो. रात्री पाय पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बुडवा, पुसा, पण किंचित दमट राहू द्या. चमच्यात वाटाण्याएवढं तेल ज्योतीवर वितळवा, बोटाला सोसेल इतकं निवलं की भेगेच्या आत भरा आणि वरून जुने सुती मोजे घाला. तेल लावून अनवाणी फरशीवर चालू नका, माझी एक शेजारीण मोरीच्या दाराशी आडवी झाली होती. आठ-दहा रात्रींत टाच मऊ पडते. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल किंवा मधुमेह असेल, तर घरचे प्रयोग बंद करून पाय डॉक्टरांना दाखवा.

ओठांना नखाने खरवडलेला कण पुरतो. लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्यांवर मात्र हे थापू नका. तिथे आधीच ओल असते, वरून तेलाचा थर दिला की ती कोंडते. बेचकं कोरडं ठेवा, बुरशी असेल तर तिचं औषध लावा. भाजल्यावर ताबडतोब कोकमतेल लावा हाही असाच चुकीचा सल्ला. ताज्या भाजण्यावर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, दुसरं काही नाही. जखम पुरती भरून वर कोरडी, ओढलेली कातडी राहिली की मग तेलाचा उपयोग.

केसांबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. टाळूवर हे तेल लावू नये. जड आहे, निघत नाही, आणि ते काढायला दोनदा शाम्पू केला की केस होते त्याहून रुक्ष होतात. टोकं फुटत असतील तर एक भाग कोकमतेल चार भाग खोबरेलात वितळवून फक्त टोकांना लावा. नवे केस त्याने उगवत नाहीत.

खाण्यात कोकणातल्या कित्येक घरांत ते तुपासारखं वापरलं गेलं आहे. गरम भातावर किंवा पेजेत अर्धा चमचा, मीही घेते. चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याबरोबर ५ टक्क्यांपर्यंत वापरायला युरोपीय संघाने २००० साली ज्या सहा वनस्पतींच्या तेलांना मुभा दिली, त्यांत कोकम आहे. पण ही निम्म्याहून जास्त संपृक्त चरबी आहे, वाटीने खायची वस्तू नव्हे. वजन कमी होतं म्हणून कोकमतेल विकणाऱ्यांचा तर मला मनस्वी राग येतो. ज्या हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाच्या नावाने ते हे सांगतात, ते सालीत असतं, बीच्या तेलात नाही. ‘क जीवनसत्त्वाने भरपूर’ हेही तसंच: क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, तेलात नाही. आव पडली की कोकमतेल द्यायची जुनी रीत आहे. द्या हवं तर, पण मीठ-साखरेचं पाणी आधी, आणि शौचात रक्त दिसलं तर दवाखाना.

घरी जमणार नसेल आणि विकतच घ्यायचं असेल तर गोळा मोडून बघा. चांगला गोळा कटकन तुटतो आणि त्याला जवळजवळ वास नसतो. दाबल्यावर बोटाचा ठसा उमटला तर आत वनस्पती तूप आहे. मला एकदा बाजारात मेणबत्तीच्या वासाचं मुठेल मिळालं होतं, टाचेला लावलं तर तसंच्या तसं मोज्याला चिकटून आलं.

उरलेला चोथा माडाच्या आळ्यात घाला, खत होतं. गाळलेलं तेलकट फडकं धुवायच्या भानगडीत पडू नका, पावसाळाभर कोयत्याच्या पात्याला गुंडाळून ठेवा, गंज चढत नाही.